अरबैलच्या उतारावरची फांदी

शुक्रवार, ५ नोव्हेंबर १९३७. भाऊबीज. मळमड्डी, धारवाड.

काल माझी सायकल गेली. चोरीस गेली असती तर पोलिसांत वर्दी देता आली असती. ती दिवाळसणात गेली, म्हणून तिच्या पाठोपाठ मला हसतमुखाने विड्यांचे तबक फिरवावे लागले.

घडले ते क्रमाने लिहितो, कारण क्रमाने मांडल्याखेरीज माझा राग मलाच नीट दिसत नाही. धाकटी बहीण श्यामला हिचे लग्न वैशाखात झाले. जावयाचा हा पहिला सण. प्रभंजनराव हुबळीस वकिली करतात. पाडव्याच्या पंक्तीत चांदीचे ताट, रांगोळी, उदबत्ती, सर्व यथासांग होते. पहिला घास घेण्याऐवजी जावईबापू हात आवरून बसले. रुसले. जावयाने पहिल्या सणाला रुसावे आणि सासऱ्याने त्याची समजूत काढावी ही आपली रीत आहे. ती बहुधा घड्याळावर किंवा आंगठीवर मिटते. अप्पा म्हणाले, "प्रभंजनराव, मनात काय असेल ते सांगा. संकोच नको."

त्याने छताकडे पाहिले, वेणूआत्याकडे पाहिले, अखेर अंगणाकडे पाहिले. तेथे तुळशीपाशी माझी सायकल टेकलेली होती.

"ती," तो म्हणाला.

"दिली," अप्पा म्हणाले.

मला कोणी विचारले नाही. अप्पांनी जन्मभर सरकारी नोकरी केली. 'दिली' या शब्दावर अपील चालत नाही. जावईबापू मग जेवले, आणि बासुंदी दुसऱ्यांदा घेतली.

आज श्यामलेने मला ओवाळले. 'तबकात घालण्यासारखे माझे जे होते ते काल तुझ्या नवऱ्याने नेले,' असे ओठांवर आले होते. मी तबकातल्या निरांजनाकडे पाहात राहिलो. तीही मान वर करून पाहात नव्हती.

मंगळवार, ९ नोव्हेंबर.

शाळेत भाड्याच्या सायकलीवरून गेलो. जड, करकरणारी, दोन्ही चाकांना सळीचे ब्रेक असलेली म्हातारी. वर्गात उष्णता शिकवीत होतो. "काम नाहीसे होत नाही, ते रूप बदलते," असे म्हणालो आणि क्षणभर थांबलो. रागाचेही तसेच असावे.

कसली सायकल आपल्या हाती पडली आहे हे जावईबापूंना ठाऊक नाही. तिचा ब्रेक मागच्या चाकाच्या हबमध्ये, म्हणजे मध्यावरच्या नळकांड्यात, आहे. पायडल उलटे दाबले की आतले दोन पितळी तुकडे फाकतात आणि नळकांड्याला आतून घासतात. रचना इतकी सुंदर आहे की ती पहिल्यांदा उघडून पाहिली त्या दिवशी मी जेवायला विसरलो होतो. सपाट रस्त्याला तिच्यासारखा ब्रेक नाही. पण अरबैलच्या घाटात? यल्लापुराच्या पुढे रस्ता सह्याद्रीच्या कडेवरून एकदम खाली गंगावळीच्या खोऱ्यात उतरतो. वळणामागून वळण, खाली सुटा मुरूम, त्यावर सागाची वाळकी पाने, आणि समोरून घुंगरांचा आवाज करीत चढणाऱ्या बैलगाड्या. मनुष्य आणि सायकल एवढ्या उंचीवरून खाली येतात तेव्हा त्या उंचीत साठलेले सारे काम कोठेतरी जायलाच हवे. ते हबमध्ये जाते, हब तापतो, आतले वंगण पातळ होते, मग जळते, आणि पितळेवर जळक्या वंगणाचा गुळगुळीत थर बसला की पायडल कितीही उलटे दाबा, चाक ऐकत नाही.

यावर उपाय दोन, आणि दोन्ही मी काटेकोरपणे पाळीत आलो. एक, मुंबईहून मागवलेले दाट वंगण. दुसरा, गाडीवानांकडून घेतलेला. उतारावर ते गाडीच्या मागे ओंडका बांधतात. मी घाटमाथ्यावर पानांसकट फांदी तोडून बैठकीच्या दांडीला बांधतो. फांदी रस्त्याला घासत येते आणि निम्मे काम हबऐवजी धुळीत जाते. धूळ फार होते, पण धुळीला ताप चढत नाही.

हे सर्व मी श्यामलेला ती परकरात असल्यापासून समजावीत आलो आहे. तिच्या नवऱ्याला समजावण्याचे मला कारण नाही.

रविवार, २१ नोव्हेंबर.

तो आज आला. हुबळीहून, उणकलच्या तळ्याकाठाने, माझ्या सायकलीवरून. घंटा मीच बसवलेली. तिचा आवाज ऐकून दाराकडे धावलो आणि दारात तो उभा.

"अण्णा, काय चीज आहे हो! पायडल उलटं दाबलं की जागच्या जागी उभी. हे होतं तरी कसं?"

मी सांगितले. सांगायचे नव्हते, पण प्रश्न नेमका विचारला की मला राहवत नाही, आणि हा मनुष्य प्रश्न नेमके विचारतो. वकिलांना तेवढेच येते.

मग म्हणाला, "नाताळच्या सुट्टीत तुमचा तो अरबैलचा घाट दाखवा ना मला. श्यामला सारखं सांगते, आमचा अण्णा घाट उतरतो तो पाहण्यासारखा. फांदी बांधता म्हणे तुम्ही? मलाही बांधावी लागेल?"

या क्षणी माझ्या मनात काहीतरी अगदी शांतपणे जागेवर बसले. पाना नटावर बसतो तसे.

"छे," मी म्हणालो, "ती गाडीवानांची सवय. हुबळीच्या वकिलाला शोभायची नाही."

वेणूआत्या हसली. तोही मोठ्याने हसला. "मग ठरलं. बिनफांदीचं उतरायचं, दोघांनीही!"

विज्ञानाच्या विषयात मी आजवर असत्य बोललेलो नाही, म्हणून हे वाक्य तपासून पाहिले. फांदी बांधणे ही गाडीवानांची सवय आहे, हे सत्य. ती त्याला शोभणार नाही, हेही सत्य. ती अनावश्यक आहे असे मी म्हटलेले नाही.

मला त्याचे प्राण नकोत. स्पष्ट लिहून ठेवतो. मला फक्त एवढे हवे आहे की तिसऱ्या-चौथ्या वळणाशी त्याने पायडल उलटे दाबावे आणि काही होऊ नये. कडेच्या कारवीच्या झुडपांत तो उताणा पडावा, धोतर फाटावे, पुढचे दोन दात जावेत. आणि मी मागून सावकाश यावे, उतरावे, आणि विचारावे, "प्रभंजनराव, मनात काय असेल ते सांगा. संकोच नको."

रविवार, ५ डिसेंबर.

आज एक प्रयोग केला. लोखंडी पळीत थोडे मुंबईचे वंगण घेतले आणि दुसऱ्या पळीत बैलगाडीच्या आसाला घालतात ते, एरंडेल आणि काजळीचे. दोन्ही एकाच शेगडीवर धरली. गाडीचे वंगण फार लवकर पातळ झाले, मग निळसर धूर, मग असा उग्र वास की वेणूआत्या सोवळ्यानेच धावत आली.

"यप्पा! काय जाळतोस रे? माझी फोडणीची पळी ती!"

"आत्या, शास्त्र आहे."

"शास्त्र शाळेत कर. आमटीला वास लागला तर तुझ्या अप्पांना काय सांगू? आणि लग्नाचं वय उलटून चाललं तरी हा शेगडीशी खेळतोय!"

मुंबईचे वंगण त्या अवधीत जेमतेम हलले होते. दोन पदार्थांच्या स्वभावातला भेद इतका स्वच्छ दिसला की तो वर्गात करून दाखवण्याचा मोह झाला. हेतू कोणताही असो, प्रयोग चांगला होता.

रविवार, १९ डिसेंबर.

संधी त्याने स्वतःच आणून दिली. सायकल घेऊन आला आणि म्हणाला, "अण्णा, घाटाआधी तुमच्या हातून एकदा साफसूफ होऊ द्या. माझा दुसऱ्या कोणावर विश्वास नाही."

हे वाक्य त्याने मुद्दाम म्हटले असेल काय, असा विचार दुपारभर केला. नसावे. अशा माणसांना सगळेच आपल्या सेवेला आहेत असे वाटते.

तो अप्पांशी बोलत बसला आणि मी अंगणात हब उघडला. रॉकेलने धुतला, पितळी तुकडे फडक्याने पुसले. ते आरशासारखे चमकत होते. मुंबईचा डबा उजव्या हाताला होता, गाडीचे वंगण डाव्या हाताला नारळाच्या करवंटीत. बराच वेळ तसाच बसलो. मग करवंटी घेतली.

काम निष्काळजीपणे केले नाही. वंगण सगळीकडे सारखे बसवले, नट योग्य तेवढेच आवळले. इतका नीट बसवलेला हब मी क्वचितच पाहिला आहे.

जाताना त्याने मला वाकून नमस्कार केला. मी "शतायुषी व्हा" म्हणालो. सवयीने तोंडून गेले.

शनिवार, २५ डिसेंबर.

श्यामला आणि तो कालच हुबळीहून आले. ती फार वाळली आहे. सकाळी कॉफीच्या वासानेच उठून मागील दारी गेली. हुबळीच्या पाण्याने पचन बिघडले असावे. तिला ओवा घ्यायला सांगितले. वेणूआत्या माझ्याकडे पाहून हसली आणि म्हणाली, "हो हो, मास्तर, ओवाच देते." यात हसण्यासारखे काय होते कळले नाही.

संध्याकाळी मी पिशवी भरत असता श्यामला आली.

"अण्णा, कोयता घेतलास का?"

"कशाला? शहाळी रस्त्यात सोलून मिळतात."

"दरवेळी घेतोस."

"या वेळी फांदी बांधायची नाही, असं ठरलं आहे."

"कोणी ठरवलं?"

"तुझ्या नवऱ्याने."

तिने पिशवीत डोकावून पाहिले. उभीच राहिली. मग विचारले, "अण्णा, तू त्यांच्यावर अजून रागावला आहेस का रे?"

"जावयावर कोणी रागावतं का?" मी म्हणालो.

आता पिशवी पुन्हा उघडली तर तळाशी कोयता आहे, तिच्या जुन्या परकराच्या फडक्यात गुंडाळलेला. लहान मुलीसारखी हट्टी आहे. वजन वाढले, पण काढला नाही.

रविवार, २६ डिसेंबर. यल्लापूर.

पोहोचलो. कलघटगीस चहा घेतला. त्याने स्वतःच्या पुडीतले निम्मे पोहे मला वाढले आणि चढावर माझी जड सायकल काही अंतर स्वतः ढकलली. रस्ताभर प्रश्न: वर चढताना वारा गार का लागतो, झाडे ऐन माथ्यावरच उंच का. मी उत्तरे दिली. उद्या या वेळी तो बोलण्याच्या स्थितीत नसेल, असे मनाशी म्हणत दिली, आणि तरीही उत्तरे लांबली.

मंगळवार, २८ डिसेंबर. मळमड्डी.

कालचे लिहितो.

सकाळी माथ्यावर पोहोचलो. खाली खोऱ्यात धुके होते, वर स्वच्छ ऊन. मी भाड्याच्या सायकलीचे ब्रेक तपासले. प्रभंजन माझ्या सायकलीपाशी उभा होता, पण बसत नव्हता.

"अण्णा, एक बोलायचं होतं. तिथं घरात बोलता येईना."

"बोला."

"दिवाळीत माझ्या काकूनं बजावलं होतं, लगेच जेवू नकोस, काहीतरी माग, नाहीतर जावई मंद आहे म्हणतील. मला काही सुचेना. समोर सायकल दिसली. मला वाटलं, अप्पांची आहे." तो खाली पाहात होता. "विडे फिरवताना तुमचं तोंड पाहिलं तेव्हा कळलं. पण सासऱ्यानं पंक्तीत दिलेलं परत कसं करायचं? तो अप्पांचा अपमान. मग श्यामला म्हणाली, घाटात दे. त्याच्या घाटात, त्याच्या हातात. इथं कोणी बघायला नाही." त्याने सायकल माझ्याकडे सरकवली. "तुमची आहे. तुम्ही उतरा. मी ही म्हातारी घेतो. आणि तसंही आता मला घाट पुरे. आषाढात तुम्ही मामा होणार."

प्रामाणिकपणे नोंदवतो. माझ्या मनात पहिला विचार श्यामलेचा आला नाही, येणाऱ्या मुलाचाही आला नाही. पहिला विचार माझ्या पुढच्या दोन दातांचा आला.

सायकल हातात होती. मूठ माझ्या तळव्याला ओळखीची लागली. नको म्हणायला कारण नव्हते. कारण होते ते सांगण्यासारखे नव्हते. मी पिशवीतून कोयता काढला, ऐनाची एक फांदी तोडली आणि बैठकीच्या दांडीला बांधू लागलो.

तो हसला. "हे काय? बिनफांदीचं ठरलं होतं ना? गाडीवानांची सवय म्हणालात तुम्ही!"

"तो विनोद होता. फांदी लागतेच."

"का?"

येथे गप्प बसायला हवे होते. पण त्याने 'का' विचारले, आणि समोर घाट होता, उदाहरण हातात होते. याहून चांगला वर्ग मला कधी मिळाला नव्हता. मी सांगत गेलो. उंचीत साठलेले काम, ते हबमध्ये कसे उतरते, पितळ कसे तापते. हातवारेही केले असावेत. "आणि वंगण जळले की चाक मुळीच थांबत नाही," असे मी जवळजवळ आनंदाने म्हणालो.

"कुठलंही वंगण जळतं?"

"कुठलंही नाही! हाच तर मुद्दा आहे. मुंबईचे दाट वंगण फांदीच्या जोडीने खालपर्यंत टिकते. गाडीचे वंगण टिकत नाही. मी शेगडीवर करून पाहिले आहे."

"आणि आता हिच्यात कोणतं आहे?"

"गाडीचे," मी म्हणालो.

शब्द तोंडातून गेला आणि मग मला ऐकू आला.

तिसरा प्रश्न त्याने विचारलाच नाही. हब कोणी भरला हे त्याला ठाऊक होते. त्याच्याच सांगण्यावरून मी तो अंगणात भरला होता. तो माझ्याकडे पाहात राहिला. खालून एक बैलगाडी चढत आली, गाडीवानाने "सरी, सरी" म्हणून आम्हाला बाजूला केले, गाडी गेली, धूळ बसली, तरी तो पाहातच होता. त्याचा चेहरा पांढरा पडला होता. मला वाटले, आता हा मला मारील. मारले असते तर बरे झाले असते.

त्याने माझ्या हातातून कोयता घेतला. झाडीत गेला. मनगटाएवढी जाड फांदी ओढत आणली, माझी सोडून ती बांधली, गाठ दोनदा ओढून पाहिली.

"तुमची बारीक होती," तो म्हणाला. "श्यामलेला एकच भाऊ आहे."

मग भाड्याच्या सायकलीवर बसताना, वकील कोर्टात बोलतो त्या आवाजात: "मघाशी दिली ती परत घेतो. खाली पोचलात की माझ्या ताब्यात द्यायची. अप्पांनी मला दिलेली आहे."

उतरलो. इतका वाईट उतार आयुष्यात उतरलो नाही. प्रत्येक वळणाला पायडल उलटे दाबताना हब ऐकतो की नाही याकडे सारा जीव लागलेला. मागे फांदी गर्जत होती, धुळीचा लोट पुढे येऊन डोळ्यांत जात होता. निम्म्याच्या खाली तो वास आला. आत्याच्या पळीतला, एरंडेलाचा. पुढच्याच वळणावर पायडल दाबले आणि चाक क्षणभर तसेच पळत राहिले, काहीच न घडल्यासारखे. कडेला कारवी होती. त्यापलीकडे काही नव्हते. मग फांदी दगडात अडकली, सायकलीला हिसका बसला, आणि मी दोन्ही पाय रोवून थांबलो. चपलेचा तळ फाटला. तेथून खालपर्यंत सायकल हाताने धरून चालत नेली. प्रभंजन सर्व वेळ मागे, माझ्यापासून अंतर राखून, दोन्ही ब्रेक दाबून. जवळ आला नाही, पुढेही गेला नाही.

खाली सायकल त्याच्या हाती दिली. त्याने हबला बोट लावले, चटका बसला, बोट झटकले. कारवारहून येणाऱ्या सर्व्हिस मोटारीच्या टपावर सायकली चढवल्या आणि परतलो.

घरी अप्पांनी विचारले, कसा होता घाट? तो म्हणाला, "उत्तम. मी अण्णांना सायकल परत द्यायला निघालो होतो, पण ते ऐकेनात. अप्पांनी दिलेली वस्तू परत घेणार नाही म्हणाले."

अप्पांचे डोळे भरून आले. त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. असा हात त्यांनी मी मॅट्रिक झालो तेव्हा ठेवला होता.

श्यामलेने माझी पिशवी उपसली. कोयत्याच्या पात्यावर ऐनाचा चीक वाळला होता. तिने तो अंगठ्याने खरवडला.

"लागला म्हणजे," ती म्हणाली.

"सरपण तोडलं थोडं."

ती माझ्याकडे पाहात राहिली. मग कोयता धुवायला घेऊन गेली. तिला काय माहीत आहे, मला कळत नाही.

रविवार, २ जानेवारी १९३८. हुबळी.

निरोप आला होता: सायकल दुरुस्त करायची आहे, अण्णांनी रविवारी यावे. 'आणि पुढेही दर महिन्याच्या पहिल्या रविवारी,' असे निरोप्याने पाठ म्हटल्यासारखे सांगितले. अप्पा म्हणाले, "जायलाच हवं. जावयाचं घर आहे." मी मुंबईच्या वंगणाचा डबा घेऊन गेलो.

त्यांच्या अंगणात पोत्यावर बसलो. हब उघडला. आतले पितळ काळे ठिक्कर पडले होते; रॉकेलमध्ये भिजवून, काथ्याने घासून, पुन्हा भिजवून तेज आणावे लागले. प्रभंजनराव समोर खुर्ची टाकून बसले होते. आतून श्यामलेने चहा पाठवला. सूड माझा होता, मी तो इतक्या काळजीने बसवला होता, आणि आता तो त्या खुर्चीवर पायावर पाय टाकून चहा पीत होता. प्रभंजन कधीही श्यामलेला सांगू शकतो, कधीही अप्पांना. तो सांगणार नाही. म्हणूनच मी त्याला कधी क्षमा करणार नाही.

मी डबा उघडला.

"आता काय भरता, अण्णा?" त्याने विचारले. "नीट समजावून सांगा. मला माहीत असलेलं बरं."

मी मान वर केली नाही. बोटावर वंगण घेतले. उत्तर द्यायचे नाही असे ठरवले होते.

"हे पाहा," मी म्हणालो, "हे बोटावर घेतलं तरी ओघळत नाही. का ओघळत नाही?"

त्याने खुर्ची जवळ ओढली. दुपार टळेपर्यंत मी सांगत होतो.